न हललेली पुस्तकं

१२ जुलै

वन्सं,

तुम्ही हजारदा सांगितलंय की वन्सं म्हणू नकोस, म्हातारं झाल्यासारखं वाटतं. म्हणून मुद्दाम तेच लिहून सुरुवात करते. तुमचे बंधुराज मजेत आहेत, पोट सुटलंय, आणि "ताईला फोन कर की, पत्रं कसली लिहीत बसतेस" म्हणून रोज कुरकुरतात. त्यांना कोण सांगणार की फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझं काम म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांना पुस्तक कसं शोधायचं ते शिकवायचं. आधीच्या बाई पडद्यावर बटणं दाखवायच्या, मुलं जांभया द्यायची, शेवटी सोपी परीक्षा आणि सगळे पास. मला ते जमेना. पहिल्याच तासाला मी म्हटलं, "या इमारतीत आपापली माणसं शोधून आणा. तुमच्या आजी-आजोबांसारखी माणसं कुठल्या मजल्यावर, कुठल्या कपाटात ठेवलीत ते बघून या."

गोरी मुलं इतिहास आणि साहित्यातून पुस्तकं घेऊन लगेच परत आली. आपल्यासारख्या गव्हाळ पोरांना त्यांची माणसं व्यापाराच्या कपाटात सापडली, ती पोरंही हसत आली. पलीकडची मुलं मात्र येईनात. तुमच्या शहरातही त्यांना पलीकडचेच म्हणतात ना? नदी ओलांडून येऊन त्यांना चार पिढ्या झाल्या, पण कातडी काळी, म्हणून अजून पलीकडचेच. मी शोधत गेले तर सगळी तळघरात, शेवटच्या रांगेत उभी. एका बाजूला गुन्हेगारी, दुसऱ्या बाजूला साथीचे रोग, आणि मधे एक कपाट, 'जमाती : चालीरीती'. त्यांचं जे काही होतं ते सगळं त्यात कोंबलेलं. कादंबऱ्या, त्यांच्यातल्या एका डॉक्टरीणबाईंचं आत्मचरित्र, त्यांनी स्वतः छापलेली मासिकं, सगळं.

एक उंच मुलगी कवितांचं पुस्तक हातात धरून म्हणाली, "मॅडम, हे माझ्या आजीचे काका. त्यांची चालरीत कविता करायची होती." बाकीची खो खो हसली. मला कुणीतरी सणसणीत थोबाडीत मारल्यासारखं झालं. वर्गीकरणात मला सुवर्णपदक आहे हो वन्सं! त्या पदकाचं आता काय करू, सांगा.

पुढे ऐका. मी म्हटलं, पुस्तकं घरी न्या. तर सगळी एकमेकांकडे बघायला लागली. देवघेवीच्या काउंटरवर म्हणे त्यांना एका ओळखपत्रावर दुसरं मागतात, पिशव्या उघडायला लावतात, वर "फाडू नका हं" असंही ऐकवतात. मग मी ठरवून टाकलं. दर गुरुवारी दुपारी मी स्वतः ती पुस्तकं टोपलीत घालून वर आणणार, वाचनकक्षातल्या गोल टेबलावर मांडणार. कार्ड नाही, सही नाही, रांग नाही. बसा, वाचा, भांडा. हे पुस्तक इथे कुणी ठेवलं, का ठेवलं, तुम्ही असता तर कुठे ठेवलं असतं, एवढंच विचारायचं. संध्याकाळी टोपली मीच खाली नेणार.

शाबासकी द्या, नाहीतर रागवा. पण लवकर काय ते लिहा.

तुमची भिंगरी

२१ जुलै

भिंगरे,

शाबासकी अर्धी, राग अर्धा. हिशेब तुझ्या तू जुळव.

कपाटाचं वाचून मलाही कसंतरी झालं. ती शीर्षकं साठ-सत्तर वर्षांपूर्वीची आहेत, आणि आम्ही सगळ्यांनी ती एकमेकांकडून उचलली. बदलायला हवीत. पण त्यासाठी टेबलावर ठोसे मारून भागत नाही, समितीत बसावं लागतं, आणि समितीत तुझ्यासारखी माणसं दहा मिनिटांत उठून चहाला जातात.

काउंटरचं मात्र तू जरा तिखटमीठ लावलंयस. अगं, काउंटरवरचा माणूस जगात सगळ्यांवरच खेकसतो. त्याला पगार खेकसण्याचाच मिळतो असं मला कधीकधी वाटतं. मुलं दोन मिनिटं रांगेत उभी राहिली तर काय पाय मोडतात? तू टोपलीतून वर आणून दिलंस तर ती हक्काने मागायची कधी? लाड करू नकोस.

आता माझं ऐक. आपल्या सगळ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी मिळून जी समिती नेमली, तिची अध्यक्ष मी आहे हे तुला ठाऊक आहे. जागा कुठेच पुरत नाही, पुस्तकं बाद करावीच लागतात. आजवर काय व्हायचं, तर मुख्य ग्रंथपाल फिरत फिरत जायचे आणि बोट दाखवतील ते पुस्तक बाहेर. आणि बोट कुणाच्या पुस्तकांकडे आधी वळायचं, ते तुला सांगायला नको. पलीकडच्यांची तर आधीच. मी ते बोटच काढून टाकलं! नवा नियम असा, की पाच वर्षांत एकदाही देवघेव न झालेलं पुस्तक बाहेर, मग ते कुणाचंही असो. यंत्र मोजणार आणि यंत्राला रंग दिसत नाही. अपवाद कुणालाही नाही, मलाही नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत एवढं सरळ काम मी दुसरं केलेलं नाही, आणि हे मी तुझ्याजवळ न लाजता लिहिते.

भावाला म्हणावं, जिने चढ.

तुझी वन्सं (तू ऐकणार नाहीसच, म्हणून)

५ नोव्हेंबर

वन्सं,

इतके दिवस लिहिलं नाही म्हणून फुगून बसू नका. गुरुवारने मला पुरतं गिळलंय.

गोल टेबल आता पुरत नाही. पलीकडची मुलं तर येतातच, हळूहळू बाकीचीही टेकायला लागलीत. मध्यंतरी एक गोरा मुलगा तावातावाने म्हणाला, पुस्तक कुठेही ठेवलं तरी काय बिघडतं, शोधणाऱ्याला सापडतंच. उंच मुलीने शांतपणे त्याचं आवडतं क्रिकेटचं पुस्तक उचललं, त्यावर 'साथीचे रोग' अशी चिठ्ठी चिकटवली आणि खाली ठेवून आली. बिचारा पुढच्या गुरुवारपर्यंत शोधत होता. आल्याबरोबर त्याने कान पकडले. आता तोच टोपली उचलायला पुढे असतो.

उंच मुलगी त्या मासिकांवर प्रबंध लिहिणार आहे. ती मासिकं दुसरीकडे कुठे आहेत का म्हणून तिने बरंच धुंडाळलं, नाहीत. तिच्या वस्तीत कुणाकडे सुटे अंक होते, ते पुरात गेले. म्हणजे आमच्या तळघरात आहेत तेवढेच. वाचून वाचून कवितांच्या पुस्तकाचा पुठ्ठा निघाला, तो आम्ही सगळ्यांनी मिळून डिंकाने चिकटवला. टेबलावर डिंक सांडला म्हणून मला ओरडा बसला.

आमचे मुख्य ग्रंथपाल, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणतो, त्यांना मी शीर्षकं बदलण्याचा अर्ज दिलाय. ते "बघू" म्हणाले. तुमच्या समितीतून एक ढकलणी मिळाली तर बघा.

आणि हो, लाड म्हणालात ते मी विसरलेले नाही. एकदा येऊन बघा, लाड कोण कुणाचे करतंय ते.

भिंगरी

१८ जानेवारी

वन्सं,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घ्या.

सुट्टी संपली, आज पहिला गुरुवार. टोपली घेऊन खाली गेले तर कपाट रिकामं. पुसून स्वच्छ केलेलं. मला वाटलं, साहेबांनी अर्ज मंजूर केला! पुस्तकं वर साहित्यात आणि इतिहासात गेली! मी वेड्यासारखी जिना चढत वर धावले, दोन्ही मजले पालथे घातले. एकही सापडेना. शेवटी साहेबांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, "अहो, सुट्टीत बाद केली. नियमाप्रमाणे." मी विचारलं, कुठे आहेत? "कागद कारखान्यात. लगदाही झाला असेल."

कशी झाली बाद, दर गुरुवारी वाचतात मुलं, असं ओरडले मी. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. प्रत्येक पुस्तकासमोर शून्य. मासिकं शून्य, डॉक्टरीणबाई शून्य. डिंक लावलेल्या कवितांपुढेसुद्धा शून्यच. टेबलावर वाचलं ते यंत्राला दिसत नाही. कार्ड नको, सही नको असं मीच म्हटलं होतं ना? या इमारतीत सगळ्यांत जास्त वाचली गेलेली पुस्तकं, आणि माझ्यामुळे त्यांच्या नावावर एक टिंबसुद्धा नाही.

साहेब वाईट माणूस नाहीत. मला पाणी दिलं त्यांनी. म्हणाले, "कुणावर अन्याय झालेला नाही. यंत्राला रंग दिसत नाही." हे वाक्य मी आधी कुठे वाचलं ते तुम्हाला सांगायला नको. नियमाखाली सही तुमची आहे, वन्सं. मी ती डोळ्यांनी बघितली.

मुलं टेबलाशी बसली होती. मी सांगितलं. मग उंच मुलीने मी छापून आणलेला तो शून्यांचा कागद माझ्या हातातून घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "म्हणजे आम्ही आलोच नव्हतो."

तिच्या प्रबंधाचं काय करायचं मला माहीत नाही. तुमच्याशी कसं बोलायचं तेही आज मला माहीत नाही.

भि.

२३ जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र वाचलं आणि खुर्चीतच बसून राहिले. शिपायाने दोनदा चहा आणला, दोनदा थंड झालेला परत नेला.

पहिल्या दिवशी मला तुझा राग आला, तो लिहून टाकते म्हणजे मधे राहायला नको. नियम सोपा होता. तू एकदा, फक्त एकदा, ती पुस्तकं रीतसर देवघेवीतून घेतली असतीस तर यंत्राने त्यांना हात लावला नसता. मुलांना दोन मिनिटांच्या रांगेतून वाचवायला गेलीस आणि पुस्तकं घालवून बसलीस. मला हे अजूनही खरं वाटतं. पण झोप काही येत नाही.

काल मी आमच्या ग्रंथालयाच्या तळघरात गेले. मासिकं आमच्याकडेही आहेत! तुझ्या मुलीला सापडली नाहीत, कारण आमच्या यादीत त्यांना नावच नाही. 'जमाती : चालीरीती : किरकोळ' एवढ्यावर बोळवण केलेली. कवितांचं पुस्तक आहे, डॉक्टरीणबाईही आहेत. मला आनंदाने रडू आलं असतं, पण ती सगळी कपाटात नव्हती. लोखंडी ढकलगाडीवर होती, बाद व्हायला निघालेली. शून्य, शून्य, शून्य. गाडी पुढच्या मंगळवारी जाणार.

तू म्हणशील, मग थांबवा की, तिथल्या मुख्य ग्रंथपाल तुम्हीच ना. थांबवू शकते. पण अपवाद नाही असं मीच लिहिलंय. आज मी माझ्या आवडीचं पुस्तक हाताने वाचवलं, तर उद्या तुझे साहेब त्यांच्या आवडीचं वाचवतील आणि ते जुनं बोट परत येईल. तेव्हा रीतसर करू. सोमवारी मुलांना घेऊन ये. तुमची ओळखपत्रं आमच्याकडे चालतात. प्रत्येकाने आपल्या नावावर पुस्तकं घ्यायची. एकदा देवघेव झाली की पाच वर्षं त्यांना कोणी हात लावत नाही. नियमानेच वाचवू.

बसभाडं मी देते. नाही म्हणू नकोस.

ताई

३० जानेवारी

भिंगरे,

काल तू निघालीस तेव्हा मी दारापर्यंतही आले नाही. तुला वाटलं असेल, कामात असेन. तुला सगळं ठाऊक नाही, आणि मुलांनी ते तुला सांगितलं नसेल असं मला आता वाटायला लागलंय. म्हणून लिहिते.

मी माझ्या खोलीतून मागच्या जिन्याने येते-जाते. काउंटरच्या समोर उभं राहण्याचा प्रसंग मला कित्येक वर्षांत आलेला नाही. काल मुद्दाम आले आणि नव्या पुस्तकांच्या कपाटामागे थांबले. म्हटलं, मुलांची देवघेव झाली की पुढे होऊन सगळ्यांना चहाला नेऊ. मनातून मी खूश होते गं. तूही बघशील, दोन मिनिटांत होतं की नाही, असं घोकत होते.

तुझी पहिली खेप झाली. तू गव्हाळ, साडी नीट नेसलेली, हसून बोलणारी. तुझं तर त्याने कार्डसुद्धा उलटून पाहिलं नाही. मग तू दुसरी खेप आणायला आत गेलीस आणि ती उंच मुलगी पुढे आली.

काउंटरवरचा हा माणूस मीच निवडलेला. आमच्याकडे कुणाचं आजारपण असलं की सगळ्यांत आधी डबा घेऊन धावणारा. आवाज चढवत नाही. कालही चढवला नाही. मऊ सुरात त्याने विचारलं, "कुणाबरोबर आलात?" तिने कार्ड ठेवलं. "दुसरं काही आहे का? फोटो जरा काळपट आलाय." तिने दुसरं ठेवलं, तिच्याजवळ तयारच होतं. "पिशवी दाखवता?" तिने दाखवली. मागे आमच्याकडचाच एक गोरा मुलगा पाच पुस्तकं घेऊन उभा होता, त्याची देवघेव या माणसाने मधेच करून टाकली. मग मासिकांचा गठ्ठा उचलून म्हणाला, "हे जुनं आहे, घरी नेऊन काय करणार? इथेच बसून बघा की, मी कुणाला काही सांगणार नाही." त्याला वाटलं, आपण तिच्यावर उपकारच करतोय. शपथेवर सांगते, त्याच्या चेहऱ्यावर तसंच होतं.

मी वाट बघत होते की आता ती भांडेल. तू इतकी भांडखोर, तुझी विद्यार्थिनी भांडणारच. ती भांडली नाही. "ठीक आहे" म्हणाली, गठ्ठा उचलला आणि शेजारी आणून ठेवलेल्या ढकलगाडीवर परत ठेवला. कडा जुळवून, नीट. तिच्या मागच्या मुलाने तर काउंटरपर्यंत यायचीही तसदी घेतली नाही, त्याने आपलं पुस्तक तसंच गाडीवर ठेवलं. मग तिसऱ्याने. रांग माझ्यासमोर विरघळली. कुणाच्या तोंडावर राग नाही, काही नाही. सवयीने होत होतं सगळं.

भिंगरे, यंत्राने मोजलेला शून्य मला तिथे बनताना दिसला. माझ्या काउंटरवर, माझ्या चांगल्या माणसाच्या हातून. आणि तो शून्य घेऊन आम्ही समितीत म्हणत होतो की ही पुस्तकं कुणाला नको आहेत.

मी पुढे झाले. त्याला उठवलं, त्याच्या खुर्चीत बसले आणि एकेकाची देवघेव मी केली. बोटं इतकी थरथरत होती की शिक्का दोनदा खाली पडला. तू परत आलीस तेव्हा म्हणालीस, "वा वन्सं, आज स्वतः काउंटरवर!" मी मान हलवली.

गाडीवर उरलेली पुस्तकं मी आज सकाळी कपाटात परत लावून घेतली, माझ्या सहीने. अपवाद केला. सगळ्या विद्यापीठांना कळवलंय की नियम थांबवा. तीन ठिकाणांहून उत्तर आलं, गाड्या कधीच गेल्या. काय काय गेलं ते त्यांनाही माहीत नाही. काउंटरवरच्या त्या माणसाशी बोलले, तो ढसाढसा रडला, त्याला आपलं काय चुकलं तेच समजेना. एक महिना मी त्याच्या शेजारी बसणार आहे. त्याच्यानंतर आणखी कुणाच्या शेजारी बसायचं, ते अजून कळत नाही.

मुलं खूप दुखावली असतील. त्या मुलीला माझ्या वतीने काय सांगशील ते तूच बघ. मी लिहायला बसते आणि कागद फाडून टाकते.

ताई

८ फेब्रुवारी

ताई,

आज ताईच लिहिते.

नाही, मुलांनी मला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. तुमच्या भावाने विचारलं काय झालं, तर पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं आणि ते बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मुलं दुखावली असतील म्हणता. मी तो बसचा प्रवास आठवून आठवून बघतेय. सगळी हसत होती हो. खिडकीवरून भांडली, गाणी म्हटली, मासिकांतल्या जुन्या जाहिराती मोठ्यांदा वाचून एकमेकांना टाळ्या दिल्या. मी मनात म्हणत होते, किती छान दिवस गेला. त्यांच्यासाठी तो खरोखरच छान गेला होता. पुस्तकं मिळाली होती ना.

आज गुरुवार. मी उंच मुलीला बाजूला घेतलं आणि त्या सोमवारी काउंटरवर जे झालं त्याबद्दल माझ्या नणंदबाई फार अस्वस्थ आहेत, एवढं म्हटलं. तिने जरा आठवल्यासारखं केलं. "काउंटरवर? काही झालं नाही, मॅडम." मग तिचा चेहरा एकदम काळजीचा झाला. "त्या आजारी आहेत का हो? शिक्का मारताना त्यांचे हात फार कापत होते. मी विचारणार होते, पण मोठ्या माणसाला कसं विचारायचं?"

मी म्हटलं, नाही, बऱ्या आहेत. तिने पुन्हा विचारलं, मग कशाने कापत होते? टोपली आणते म्हणाले आणि खाली आले, ताई. ती अजून टेबलाशी बसली आहे, आणि मी इथे खालच्या रिकाम्या कपाटापाशी उभी राहून तुम्हाला हे लिहितेय.

भिंगरी